माळ्यावरची लोकर

एम्लिनचा डावा पाय छत फोडून झोपायच्या खोलीत उतरला, तेव्हा त्याची बायको नेस्टा खाली पलंगावर बसून चहा पीत होती. आधी प्लास्टरचा एक तुकडा पडला, मग कितीतरी वर्षांची धूळ, मग बूट, आणि बुटामागोमाग गुडघ्यापर्यंतचा पाय.

"नेस्टा!" वरून आवाज आला. "अगं, पाय दिसतोय का माझा?"

"दिसतोय ना. हलतोय पण."

"लागलंय का बघ जरा!"

"छताला तर चांगलंच लागलंय," नेस्टा म्हणाली आणि खोकली. "तुला सांगितलं होतं, तुळईवरच पाय ठेव. मधे नुसतं प्लास्टर आहे."

"मला नको शिकवू! तुळईवरच होतो मी. हा बाबा अंधारातून भुतासारखा बोलला म्हणून..."

"मी नुसतं विचारलं, झोप लागली का रात्री," माळ्यावरून दुसरा एक आवाज शांतपणे म्हणाला.

हा दुसरा आवाज शेजारच्या इद्वलचा. त्याच्या घरात शिरायला त्याला दार होतं, एम्लिनच्या घरी यायलाही दार होतं. पण इद्वलला माळ्यावरून यायची खोड. स्लेटच्या खाणीच्या मालकाने ही सहा घरांची चाळवजा रांग बांधली तेव्हा सगळ्यांवर मिळून एकच लांबलचक छप्पर घातलं, आणि दगड वाचवायला माळ्यावर मधल्या भिंती उचलल्याच नाहीत. पुढे बाकीच्यांनी आपापल्या भिंती घालून घेतल्या. एम्लिन आणि इद्वल यांच्यामध्ये मात्र भिंत कधी झाली नाही, कारण दोघांच्या बायकांना ती नको होती. पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही अशा गावात, चिमूटभर साखर मागायला ओलं न होता माळ्यावरून जाता येतं, हे काय कमी आहे?

इद्वलची बायको डिलिस तीन वर्षांपूर्वी गेली. साखरेची देवाणघेवाण थांबली, पण इद्वल माळ्यावर येतच राहिला. एम्लिनच्या नाकी नऊ आले होते.

त्याने पाय ओढून वर घेतला, पॅन्टची फाटकी बाजू बघितली आणि बॅटरीचा झोत इद्वलच्या तोंडावर टाकला. इद्वल खुर्चीत बसला होता. मांडीवर घोंगडी, शेजारी चहाचा थर्मास आणि पुटपुटणारा छोटा रेडिओ.

"ही खुर्ची माझ्या हद्दीत आहे," एम्लिन म्हणाला.

"असेल."

"असेल काय? आहे! धुरांडं ते तिथे. धुरांड्याच्या अलीकडे सगळं माझं."

"तिकडे वारा लागतो रे. इथे जरा बरं वाटतं."

"काय बरं वाटतं? आमच्या खोलीवर बसून आमचं बोलणं ऐकायला?"

"तुमचं काय ऐकायचं?" इद्वल म्हणाला. "तू ओरडत असतोस, ती खोकत असते."

एम्लिन आणखीच चिडला. तो जन्मभर बस चालवणारा माणूस. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याने लोकांना वेळेवर नेलं आणि वेळेवर आणलं, आणि जन्मभर एकच गोष्ट ओरडून सांगितली: दार लावा, वारा येतोय. निवृत्त झाल्यावर तेच ओरडणं त्याने घरी आणलं.

पण या वर्षी ओरडण्यात भीतीही होती. मागच्या जानेवारीत नेस्टाला न्यूमोनिया झाला. इस्पितळात ती निळी पडलेली त्याने पाहिली. मुलगी शोनेड चेस्टर शहरातून धावत आली, आई घरी परतली तेव्हा तिने झोपायच्या खोलीत भिंतीवर तापमापक ठोकला आणि बापाला समोर बसवून सांगितलं, "डॅड, या बर्फाच्या पेटीत मम्मी आणखी एक हिवाळा काढणार नाही. पहिला बर्फ पडायच्या आत खोलीत वीस डिग्री दिसले पाहिजेत. नाहीतर मी तिला घेऊन जाईन. थंडी सरली की ईस्टरला आणून सोडीन."

ईस्टरला आणून सोडणारी मुलं एम्लिनने पाहिली होती. खालच्या गल्लीतला ग्विलिम असाच एका हिवाळ्यापुरता मुलाकडे गेला. त्याच्या घरात आता सुट्टीला येणारे इंग्रज राहतात. शोनेड म्हणायची, तुम्हीही चला. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली ना ओळखीचं माणूस ना आपली भाषा, सगळी इंग्रजी, आणि रविवारी प्रार्थनेला चॅपल नाही. नेस्टा तिथे खिडकीत बसून वाळून जाईल, हे त्याला दिसत होतं. तो एकदा तिला तसं म्हणालाही. ती म्हणाली, "मी नाही वाळणार. तू वाळशील. तिथे ओरडायला कोण आहे तुला?"

म्हणून माळा. घरात गॅसचा हीटर दिवसरात्र चालू ठेवूनही खोलीत सोळाच्या वर काटा जात नव्हता, कारण सगळी ऊब छतातून वर माळ्यावर आणि माळ्यावरून कौलांच्या फटीतून डोंगरावर जात होती. सरकारी योजनेतून माळ्यावर ऊब अडवणारी लोकर फुकट घालणारी माणसं येऊन पाहून गेली. त्यांनी मान हलवली, अडगळ काढा म्हणाली, आणि वसंतातली तारीख देऊन निघून गेली. वसंतात लोकर! एम्लिनने त्यांच्या गाडीमागे हात झटकला आणि काचेच्या लोकरीचे रोल स्वतःच विकत आणले.

पण रोल अंथरायला आधी जमीन दिसायला हवी. माळ्यावर काय नव्हतं! शोनेडचा पाळणा होता. नाताळची दोन झाडं होती, त्यातलं एक टकलं. आणि खोकी. टीव्हीचं खोकं, किटलीचं खोकं, शिलाईयंत्राचं खोकं. वस्तू कधीच्या मोडून गेल्या, खोकी मात्र राजासारखी बसलेली.

"हे फेकू?" एम्लिन वरून विचारायचा.

"नको. वस्तू परत करायची झाली तर खोकं लागतं."

"अगं बाई, तो टीव्ही आपण घेतला तेव्हा शोनेड शाळेत होती!"

"मग ते तिलाच विचार."

असं चार दिवस चाललं. नेस्टा खाली बसून एकेका खोक्याची बाजू मांडायची आणि एम्लिन ते खोकं तिच्या नजरेआड मागच्या दाराने बाहेर काढायचा. पाळणा मात्र त्याने स्वतःच पुसून, कापडात बांधून परत ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. फुटलेल्या छताला पुठ्ठा लावून त्यावर प्लास्टर फासलं. ते वाळेपर्यंत नेस्टा त्याच्याकडे बघून हसत खोकायची.

अडगळ निघाली, इद्वलची खुर्ची निघेना. एम्लिनने ती दोनदा उचलून धुरांड्याच्या पलीकडे ठेवली. दोन्ही वेळा ती दुसऱ्या दिवशी परत अलीकडे आली होती.

"तुला एकदा सांगून कळत नाही का रे?" एम्लिन म्हणाला. "पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!"

"आज अंथरणार नाहीस ना? मग आज बसू दे. अंथरशील तेव्हा उठेन."

"तुला घर नाही का? चांगलं चार खोल्यांचं घर आहे खाली. जाऊन शेगडीपुढे बस."

"घरात करमत नाही."

"थंडी वाजत नाही इथे?"

इद्वल हसला. "पोस्टमनला कसली थंडी? बर्फात अर्धी चड्डी घालून पत्रं वाटली मी. तूच बसच्या काचेआडून भोंगा वाजवून हसायचास."

ते खरं होतं. इद्वलच्या त्या उघड्या गुडघ्यांवर सगळ्या खोऱ्यात विनोद व्हायचे. एम्लिनला वाटलं, या माणसाचं कातडंच वेगळं असणार. थंडीही लागत नाही आणि बोललेलंही लागत नाही.

मग त्याने लोकर अंथरायला घेतली. तोंडाला फडकं, हातात मोजे, तरी काचेचे ते कण गळ्यातून आत शिरले आणि दिवसभर अंग खाजत राहिलं. दोन तुळयांच्या मधे एक थर, वर आडवा दुसरा. इद्वल शब्दाला जागला. खुर्ची, घोंगडी, रेडिओ उचलून आपल्या बाजूला गेला आणि तिथे उभा राहून बघू लागला.

"पाण्याच्या टाकीखाली घालू नको," तो म्हणाला. "खालून थोडी ऊब लागली नाही तर पाणी गोठेल."

"माहितीये मला!" एम्लिन ओरडला. त्याला माहीत नव्हतं. त्याने टाकीखाली सरकवलेला तुकडा गुपचूप ओढून काढला.

इद्वलने वाकून लोकरीवर तळहात ठेवला, बराच वेळ. "चांगली जाड आहे," तो म्हणाला. "आता काही वर येणार नाही."

"मग! त्यासाठीच तर घालतोय."

"चांगलं केलंस. नेस्टासाठी चांगलं आहे."

पण इद्वलच्या बाजूची कौलं सरकली होती, आणि तिथून येणारा वारा लोकरीवरून सरळ एम्लिनच्या माळ्यावर घुसत होता. किंवा एम्लिनने मनाला तसं समजावलं. खरं तर त्याला आता ती भिंत हवीच होती. त्याने लाकडाची चौकट उभी केली, फळ्या कापून आणल्या आणि धुरांड्याच्या रेषेवर एकेक ठोकायला लागला. नेस्टाला हे आवडलं नाही.

"डिलिसला काय वाटलं असतं?" ती खालून म्हणाली.

"डिलिसला न्यूमोनिया झाला असता तर तिनेच फळ्या धरल्या असत्या!"

फळ्या धरल्या इद्वलने. शेवटच्या दोन रुंद होत्या आणि एम्लिनला एका हाताने सावरेनात; एक खांद्यावरून निसटून पायावर आदळली आणि त्याने अशी काही शिवी दिली की खाली नेस्टाने कानांवर हात ठेवले. तेव्हा पलीकडून दोन हात आले आणि फळी उभी झाली.

"मी धरतो इकडून," इद्वल म्हणाला. "तू स्क्रू मार."

"नीट धर. हलवू नकोस."

"हलवत नाही."

शेवटची फळी बसताना फटीतून इद्वलचा चेहरा दिसत होता, आधी सगळा, मग अर्धा, मग नुसता एक डोळा. "घट्ट बसली," पलीकडून आवाज आला. "येतो मग." एम्लिनने शेवटचा स्क्रू पिळला आणि फळीला टेकून बसला. धन्यवाद म्हणायचं राहिलं हे त्याच्या ध्यानात आलं, पण पलीकडची शिडी वाजून गेली होती. सुटलो बाबा एकदाचा, असं तो मोठ्याने म्हणाला.

तिसऱ्या दिवशी खोलीतला काटा विसावर गेला. पाचव्या दिवशी एकवीस. नेस्टा रात्रभर न खोकता झोपली, आणि एम्लिन तिचा खोकला ऐकू येत नाही म्हणून घाबरून तीनदा उठला. शोनेडला फोनवर त्याने आकडा असा सांगितला, जणू तो डोंगर चढून आला होता. शोनेड म्हणाली, "शाब्बास डॅड. मग ईस्टरला मीच येईन तिकडे." फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला, नेस्टाच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. तिला कळलं. "चल, बटाटे सोल," ती म्हणाली.

त्यानंतर तो भेटेल त्याला लोकरीबद्दल सांगत सुटला. किराण्याच्या दुकानात, दवाखान्यात, चॅपलच्या पायऱ्यांवर. लोक त्याला दिसताच रस्ता ओलांडू लागले.

"इद्वल दिसला नाही चॅपलला," नेस्टा एक-दोनदा म्हणाली.

"बरं झालं, कटकट गेली. रुसून बसला असेल."

"रुसणारा माणूस नाही तो."

"मग वाचत बसला असेल लोकांची जुनी पत्रं!"

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्रीतून बर्फ पडला. सकाळी सगळं खोरं पांढरं, आणि दुपारपर्यंत गल्लीतली माणसं नेहमीप्रमाणे फावडी घेऊन बाहेर. पहिल्या बर्फाला इथे एकमेकांची छपरं वाचायची रीत आहे. ज्याच्या कौलांवरचा बर्फ आधी वितळतो, त्याच्या घराची ऊब आभाळात चालली. ज्याचं छप्पर पांढरं राहतं, तो शहाणा. यावरून टोमणे मारले जातात, नवरा-बायकोंची भांडणं होतात.

एम्लिन याच दिवसाची वाट बघत होता. कोट चढवून, फावडं घेऊन तो समोरच्या बाजूला गेला, एक हात कमरेवर ठेवून वळला आणि त्याने वर पाहिलं. रांगेतली चार छपरं काळी, ओली, ठिबकत होती. त्याचं छप्पर पांढरंशुभ्र होतं, एक कौल दिसत नव्हतं.

"काय रे एम्लिन, छपराला रंग दिलास?" कोणीतरी ओरडलं.

"लोकर आहे लोकर! दुहेरी थर!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याची नजर पुढे सरकली.

शेजारचं छप्परही पांढरं होतं. त्याच्याइतकंच. दोन घरांमध्ये रेषसुद्धा दिसत नव्हती.

इद्वलने लोकर कधी घातली? घातली असती तर आवाज आला असता, रोल आले असते, गल्लीला कळलं असतं. इद्वलने लोकर घातली नव्हती. मग याच्या छपरावरचा बर्फ का वितळत नाही? एम्लिनने धुरांड्याकडे पाहिलं, भिंतीतून बाहेर निघणाऱ्या हीटरच्या नळीकडे पाहिलं. बाकीच्या घरांच्या नळ्यांतून वाफ निघत होती. इद्वलच्या नळीच्या तोंडाला बर्फाची पातळ कड चिकटली होती.

खुर्ची आपल्या बाजूला का यायची, ते त्याला तिथे रस्त्यात उभं राहून कळलं. ती बोलणं ऐकायला येत नव्हती. आपल्या खोलीची ऊब छतातून वर जात होती, आणि वर एक म्हातारा घोंगडी घेऊन तिच्यावर बसत होता. आणि आपण ती बंद केली, वर भिंत घातली, आणि भिंत घालताना फळी धरायला त्यालाच लावलं.  फावडं तिथेच टाकून एम्लिन धावला आणि इद्वलच्या दारावर दोन्ही मुठी मारू लागला.

"इद्वल! अरे ए इद्वल! दार उघड, नाहीतर मोडतो!"

बऱ्याच वेळाने आतून पावलं आली. इद्वल ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे घालून दारात उभा होता.

"कुठे निघालास?" एम्लिनने विचारलं.

"कुठे नाही. घरातच आहे."

तो बोलला तेव्हा घरातल्या घरात तोंडातून वाफ निघाली. मागे स्वयंपाकघरात टेबलावर एक कप होता.

"हीटर बिघडलाय?"

"नाही, नाही. चांगला आहे."

"मग लावत का नाहीस, मूर्खा?"

इद्वल थोडा विचार करून म्हणाला, "डिलिस होती तेव्हा लावत होतो. आता एकट्यासाठी अख्खं घर तापवायचं म्हणजे... बरं नाही वाटत रे. उधळपट्टी वाटते."

"मला का नाही बोललास? तोंड शिवलं होतं? मी खुर्ची फेकत होतो, भिंत घालत होतो, आणि तू मख्खासारखा फळी धरून उभा! अरे, एक शब्द!"

"नेस्टाची छाती नाजूक आहे," इद्वल म्हणाला. "त्यात काय बोलायचं?"

"उद्या ती भिंत काढून टाकतो मी."

"कशाला? चांगली झालीये भिंत. आणि काढून काय होणार? खाली लोकर आहे ना."

 एम्लिनने इद्वलचं कोपर धरलं. "चल. नेस्टाने मटण-बटाट्याचा रस्सा केलाय. पातेलंभर. तुझ्याशिवाय संपायचा नाही."

"मी मघाशीच खाल्लंय."

"खोटं बोलू नकोस! चल म्हणतो ना!"

आणि त्याला जवळजवळ ओढत त्याने रस्त्यावरून आणलं, गल्लीसमोर, पुढच्या दाराने.

नेस्टाने दोघांकडे पाहिलं आणि तिसरी थाळी मांडली. इद्वल खुर्चीच्या कडेला बसला. "कोट राहू दे," तो म्हणाला, "लगेच निघायचंय." पण रश्शाची वाफ, पाठीशी तापलेला हीटर, थोड्या वेळात त्याच्या कपाळावर घाम आला.

"कोट काढ इद्वल," नेस्टा म्हणाली. "घामाने सर्दी होईल."

इद्वलने एकदा दाराकडे पाहिलं. मग उठून त्याने हातमोजे काढले, ओव्हरकोट काढला आणि घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आत पोस्टाचं जुनं जाकीट होतं; तेही काढलं. जाकिटाखाली जाड स्वेटर, त्याखाली आणखी एक. नेस्टा पळी हातात धरून थांबली होती. दुसरा स्वेटर डोक्यावरून निघाला आणि इद्वल थांबला. आत जांभळ्या लोकरीचं बायकी विणकामाचं जाकीट होतं, मोत्यांच्या बटणांचं. बाह्या आखूड पडल्या होत्या, बटणं पोटावर ताणलेली होती. डिलिस रविवारी चॅपलला तेच घालायची.

तेवढ्यात फोन वाजला. शनिवारची वेळ, शोनेडचाच. एम्लिनने उचलला.

"डॅड, बर्फ पडला ना तिकडे? घर गरम आहे ना? किती दाखवतोय काटा?"

एम्लिनला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची ऊब सांगायची लाज वाटली. "आहे," तो म्हणाला. "गरम आहे. जेवतोय आम्ही. मग करतो तुला."

तो वळला तेव्हा नेस्टा इद्वलला वाढत होती. इद्वलने गळ्याजवळचं वरचं बटण नीट लावलं, केस हाताने बसवले आणि चमचा उचलला.